दोन हजार अठ्ठेचाळीस मोठे की तीनशे चौऱ्याऐंशी?

कानेपालूच्या वाचनालयात उर्वे पिह्लाक एकतीस वर्षं होती. त्यातली शेवटची पंधरा वर्षं तिचा संबंध पुस्तकांशी कमी आणि लोकांच्या कागदपत्रांशीच जास्त आला. गावातलं पोस्ट बंद झालं, आठवड्यातून एकदा येणारी बँकेची गाडी बंद झाली, शाळा तर त्याआधीच गेली होती. उरलं एक वाचनालय. मग डॉक्टरची वेळ घ्यायची असो की जंगल तोडायची परवानगी काढायची असो, माणसं दाराशी बूट झटकून उर्वेच्या टेबलापाशी येत आणि खिशातून चिपवालं ओळखपत्र काढून तिच्यापुढे ठेवत.

"पिन मला सांगू नका. तुमचं तुम्ही दाबा, मी तिकडे बघते," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायची. लोक आकडे मोठ्यानं पुटपुटतच दाबायचे. अर्ध्या गावाचे पिन तिला पाठ झाले होते आणि ते विसरायचा ती प्रामाणिक प्रयत्न करायची.

२०११ साली तिला राजधानीत, तालिनला, तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथं एका तरुण अधिकाऱ्यानं सांगितलं की या ओळखपत्रातली किल्ली दोन हजार अठ्ठेचाळीस बिटांची आहे, जगातले सगळे संगणक जोडले तरी ती फुटायची नाही. बिट म्हणजे काय ते उर्वेला नीटसं कळलं नाही, पण आकडा मात्र तिनं गावी आणला. कुणी शंका काढली की ती म्हणायची, "दोन हजार अठ्ठेचाळीस आहे ते." ट्रॅक्टरची ताकद सांगावी तसं. ऐकणाऱ्याला पटायचं. आकडा मोठा होता आणि तो सांगणारी उर्वे होती.

हेल्दुर कांग्रो हा त्या आकड्याचा गावातला सगळ्यात मोठा भक्त. ब्याऐंशी वर्षांचा, जन्मभर जमीन मोजणारा माणूस. कुठल्या शेताची हद्द कुठल्या दगडापाशी संपते आणि तो दगड कोणत्या साली कुणी सरकवला, हे त्याला ठाऊक होतं. उर्वे त्याला लहानपणापासून काका म्हणायची. निवृत्तीनंतर तो गावाची वही लिहायला बसला. घरामागून घर, पिढीमागून पिढी: कोण कुणाचा खरा मुलगा, कुणी कुणावर चुगली केली, कुणी नांगर परत दिला नाही. संगणकावर दोन बोटांनी टाइप करत त्यानं तीनशे पानं भरली होती.

२०१५ च्या उन्हाळ्यात त्याची नात सुट्टीला आली, तिला ती फाईल सापडली, आणि तिनं शेजारीपाजारी जेवायला बसले असताना त्यातलं एक पान मोठ्यानं वाचून दाखवलं. नेमकं ते समोर बसलेल्या शेजारणीच्या आईचं होतं. शेजारीण ताट तसंच ठेवून उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच हेल्दुर पायरीवर बसला होता.

"याला कुलूप घाल," तो म्हणाला. "मी जिवंत आहे तोवर माझ्याशिवाय कुणी वाचता कामा नये."

उर्वेनं त्याला ओळखपत्रावरच्या किल्लीनं फाईल बंद करायला शिकवलं. फाईलच्या जागी निरर्थक अक्षरांचा ढीग उरला. कार्ड घालून पिन दाबला की वही पुन्हा उघडायची. हेल्दुरनं चारदा उघडून, चारदा बंद करून बघितली.

"आणि ही जुनी, उघडी प्रत?"

"ती पुसायची, काका. दार उघडं ठेवून कुलूप कशाला?"

त्यानं पुसली. तिनं त्याला घरी जाऊन दुसऱ्या संगणकावरचीही पुसायला लावली आणि छापलेली पानं चुलीत घालायला लावली. त्यानं सगळं ऐकलं.

दोन वर्षांनी, २०१७ च्या सप्टेंबरात, टीव्हीवर बातमी आली की लाखो ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडलाय. किल्ली तयार करताना चिप आळशीपणा करते म्हणे, त्यामुळे ती वाटते तेवढी पक्की नाही. पुढं नोव्हेंबरात सरकारनं सांगून टाकलं: जुन्या किल्ल्या बंद, सगळ्यांनी नव्या करून घ्या. घरबसल्याही करता येतील, फक्त संगणक पाहिजे.

कानेपालूत याचा अर्थ उर्वे पाहिजे, एवढाच झाला. वाचनालयात ओल्या कोटांची रांग लागली. तिच्याकडे चार पानांची सूचना आली होती, त्यातली पहिली दोन तिनं वाचली, कारण करायचं काय ते त्या दोन पानांत होतं. तालिनची यंत्रणा दमली होती. एकेका कार्डाला पाच-पाच वेळा प्रयत्न करावा लागे, आणि अर्ध्यात अडकलं की लोक उर्वेकडे असं बघत जणू तिनंच मध्ये पाय घातलाय.

हेल्दुर आला तो वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन.

"उर्वे, इथं लिहिलंय नवी किल्ली तीनशे चौऱ्याऐंशीची."

"हो, काका."

"आणि जुनी दोन हजार अठ्ठेचाळीसची."

"हो."

"मग ही नवी पाचपट कच्ची झाली की."

रांगेतली माणसं पुढं सरकून ऐकू लागली. उर्वेनं सूचना चाळल्यासारखं केलं. "ही जास्त पक्की आहे असं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"तालिनवाले."

"मागे दोन हजार अठ्ठेचाळीसचं कोण म्हणालं होतं?"

"तेच."

मागून कुणीतरी हसलं. हेल्दुर हसला नाही. "मी साठ वर्षं जमीन मोजली. तीनशे हे दोन हजारांहून मोठे असं सांगणारा शेतकरी मला भेटला नाही. भेटला असता तर त्याची हद्द मी दोनदा मोजली असती."

उर्वेला त्याचं म्हणणं बरोबर वाटलं, हीच अडचण होती. तिलाही काही कळत नव्हतं. कच्ची किल्ली काढून टाकायची हे ठीक, पण तिच्या जागी लहान आकड्याची का? आणि मोठ्या आकड्याची कच्ची कशी निघाली? तिनं शेवटी एवढंच म्हटलं, "काका, नाही केली तर कार्डच चालायचं नाही." हेल्दुरनं सुस्कारा सोडून कार्ड पुढं केलं. सहाव्या प्रयत्नाला पडद्यावर हिरवी खूण आली. दोघांनी मिळून कॉफी घेतली.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी लॅपटॉप काखेत होता. रांग नव्हती, शेगडीत नुकती लाकडं घातली होती.

"उघडत नाही," तो म्हणाला.

उर्वेनं कार्ड काढून पुसलं, पुन्हा घातलं. संगणक बंद करून चालू केला. पिन नवीन आहे का विचारलं. मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि तिनं ती चार पानांची सूचना ड्रॉवरमधून काढली. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत होतं: जुन्या किल्लीनं बंद केलेल्या फाईली नवी किल्ली घेण्याआधी उघडून ठेवा. नव्या किल्लीनं त्या उघडणार नाहीत. जुनी किल्ली परत मिळणार नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. मग पान त्याच्याकडे फिरवलं. हेल्दुरनं चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"म्हणजे जुनी किल्ली गेली."

"हो."

"पण ती तर कच्ची होती. कुणीही फोडेल म्हणून बदलली ना?"

"हो."

"मग फोडू दे की कुणालातरी. आपली काही हरकत नाही."

उर्वेला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. ती म्हणाली, "मी वाचायला हवं होतं, काका. चूक माझी आहे." लॅपटॉप मिटून त्यानं तो तिच्या टेबलावरच ठेवला आणि टोपी घालून निघून गेला.

पुढच्या सोमवारी वाचनालयाला सुट्टी टाकून ती सकाळच्या बसनं तार्तूला गेली. पिशवीत हेल्दुरची बंद फाईल एका पेनड्राइव्हवर होती आणि भेट म्हणून घरचं जिऱ्याचं चीज. तिथल्या विद्यापीठात कुलूपकिल्ल्यांचं गणित शिकवणारी केर्तू नावाची बाई होती. गावातल्या परिचारिकेची ती मावसबहीण, एवढ्या ओळखीवर तिनं अर्धा तास दिला होता. पस्तिशीची, लोकरी मोजे घालून खुर्चीवर मांडी घालून बसलेली.

उर्वेनं सगळं सांगितलं. केर्तूनं पेनड्राइव्ह लावला, फाईल बघितली, आणि म्हणाली, "हिला दोन कुलपं आहेत. वही स्वतः एकशे अठ्ठावीसच्या किल्लीनं बंद आहे, आणि ती किल्ली दोन हजार अठ्ठेचाळीसच्या पेटीत ठेवलीय."

"आता तिसरा आकडा कुठून आला?" उर्वे म्हणाली. "आणि तो तर सगळ्यात लहान आहे. म्हणजे वही मुळातच कच्च्या कुलपात होती का?"

"नाही. तो भाग उत्तम आहे. एकशे अठ्ठावीसवालं कुलूप आजच्या घडीला कुणी फोडू शकत नाही."

"आणि दोन हजारवालं?"

"चांगलं बनवलेलं असेल तर तेही नाही. पण ते एकशे अठ्ठावीसवाल्यापेक्षा थोडं कमीच."

उर्वेनं पिशवीतून स्वतःची टिपणवही काढली. तिला वाटलं लिहून घेतलं तर डोक्यात बसेल. "पुन्हा सांगा. सावकाश."

केर्तू खुर्चीवरून उतरून फळ्यापाशी गेली. "तुम्ही कुलपाचं वजन विचारताय. फोडायला किती खटपट लागते ते विचारा. साध्या कुलपात चोराला एकेक किल्ली लावून बघण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून तिथं एकशे अठ्ठावीस म्हणजे खरोखर एकशे अठ्ठावीस. दुसऱ्या जातीत किल्ली म्हणजे दोन प्रचंड संख्यांचा गुणाकार असतो. चोर किल्ल्या लावत बसत नाही, तो गुणाकार उलटा सोडवायला बसतो. ते फारच अवघड आहे, पण एकेक किल्ली लावण्याहून पुष्कळ सोपं. त्यामुळे दोन हजार अठ्ठेचाळीसचं बळ साध्या कुलपाच्या हिशेबात एकशे बाराच्या आसपास येतं."

"आणि नवीन तीनशे चौऱ्याऐंशी?"

"ती तिसरी जात. तिचं गणित वक्र रेषांवरचं आहे. तिथं चोराची मेहनत साधारण आकड्याच्या निम्मी धरायची. म्हणजे एकशे ब्याण्णव."

उर्वेनं लिहिलेलं बघितलं. दोन हजार अठ्ठेचाळीस म्हणजे एकशे बारा. एकशे अठ्ठावीस म्हणजे एकशे अठ्ठावीस. तीनशे चौऱ्याऐंशी म्हणजे एकशे ब्याण्णव. सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात कच्चा. तिनं सहा वर्षं लोकांना उलटं सांगितलं होतं, तेही इतक्या खात्रीनं.

"मग आमचं दोन हजारवालं तर त्याहूनही कच्चं आहे ना? त्यातल्या दोषामुळे?"

"खूपच. चिपनं त्या दोन संख्या एकाच साच्यातून काढल्या, त्यामुळे शोधायची जागा आटली."

"तर मग फोडा," उर्वे म्हणाली. "मालकाची ना नाही."

केर्तूनं खडू ठेवला. "एका संगणकाला जास्तीत जास्त एकशे चाळीस वर्षं लागतील. हजार संगणक लावले तर दीड-दोन महिने."

"मघाशी खूपच कच्चं म्हणालात."

"आमच्यात यालाच कच्चं म्हणतात."

"आणि आमच्यात याला पक्कं म्हणतात," उर्वे म्हणाली. केर्तूला हसू फुटलं. मग तिनं गंभीरपणे सांगितलं की हजार संगणक इथं आहेत, पण ते हवामानवाले, जीवशास्त्रवाले यांच्या कामाला बांधलेले आहेत. फाईलच्या मालकानं लेखी संमती दिली तर ती समितीपुढं अर्ज ठेवून बघेल. होईल असं मात्र समजू नये. चीज तिनं घेतलं आणि बसस्टॉपपर्यंत सोडायलाही आली.

हेल्दुरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या आकड्यांचं त्याला विशेष वाटलं नाही. जमिनीतही दलदलीची दहा हेक्टर आणि काळ्या मातीची दहा हेक्टर सारखी नसतात, म्हणाला, एवढं तालिनवाल्यांना सांगता येत नव्हतं का. अर्जाचं त्यानं नंतर बघू म्हटलं. मग म्हणाला, "तुला गुरुवारी दुपारी वेळ असतो का? मी सांगतो, तू टाइप कर. डोक्यात आहे तोवर निघेल."

अशा रीतीनं त्या हिवाळ्यात ते दोघं वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसू लागले. हेल्दुर सांगायचा, उर्वे टाइप करायची. राईचा पाव, सुके मासे आणि कॉफी असायची. घरामागून घर पुढं सरकत होतं. मात्र तो मध्येच थांबायचा: "पहिल्या वेळी मी इथं साल लिहिलं होतं. आता आठवत नाही." कधी म्हणायचा, "इथं मी फार कडू लिहिलं होतं. जाऊ दे, आता तेवढं नको." नवी वही जुनीपेक्षा पातळ आणि मवाळ होत चालली होती.

जानेवारीच्या एका गुरुवारी सांगता सांगता तो पिह्लाकांच्या घराशी आला आणि पावाचे तुकडे करत बसला.

"आमचं घर वगळायचं का?" उर्वेनं विचारलं.

"वगळलं तर तुला कळेलच की काहीतरी आहे."

"तर मग सांगा."

त्यानं सांगितलं. १९७१ साली सामूहिक शेतीचं धान्य वाळवायचं गोदाम जळालं होतं, ते तिला लहानपणीचं आठवत होतंच. हेल्दुरच्या थोरल्या भावाला, आर्नोल्डला, त्यापायी दोन वर्षं तुरुंगात काढावी लागली. त्याला तिथं सिगारेट ओढताना मी पाहिलं, अशी साक्ष ज्यानं दिली तो उर्वेचा बाप, एवाल्द.

"हे मला कुणी सांगितलं नाही," उर्वे म्हणाली.

"पुढचं ऐक. अठ्ठ्याण्णव साली मी व्होरूच्या दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, त्या दिवशी एवाल्द गोदामाजवळ नव्हताच, तो माझ्याबरोबर गावाबाहेर होता. त्याचं नाव, तारीख, कुठं होते, सगळं मी उतरवून घेतलं. वहीत टाकलं आणि मूळ चिठोरं जाळलं. तूच म्हणालीस जाळा म्हणून."

"नाव काय त्याचं?"

हेल्दुरनं बराच वेळ डोळे मिटून घेतले. "गेलं," तो म्हणाला. "लाल मिशा होत्या. नाव गेलं."

उर्वे घरी गेली तेव्हा तिला कशाचं काय वाटतंय तेच समजेना. बाप आठवला की तिला गाईच्या अंगाला कान लावून उभा असलेला माणूस आठवायचा. त्यानं खोटी साक्ष दिली असेल यावर तिचा विश्वास बसेना, आणि हेल्दुर खोटं बोलेल यावरही. खरं काय ते एका पेनड्राइव्हवर तिच्याच ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं. एकदा तिला वाटायचं, हजार संगणक मिळावेत. लगेच वाटायचं, मिळू नयेत. ते न मिळण्याची इच्छा झाली की तिला स्वतःची लाज वाटायची.

पुढच्या गुरुवारी हेल्दुरनं विचारलं, "अर्जावर सही करू का? तू सांगशील तसं."

"मला का विचारता?"

"माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. आर्नोल्ड वारला, एवाल्द वारला. उरलीस तू."

तिनं दोन आठवडे घेतले. मग म्हणाली, "करा." त्यानं कार्डावरच्या नव्या किल्लीनं सही केली आणि अर्ज तार्तूला गेला.

उत्तर येईपर्यंत तिला बसवेना. गोदामावर धान्य तोलायला असलेली एल्फ्रीडे अजून हयात होती, व्होरूच्या वृद्धाश्रमात. उर्वे केक घेऊन तिला भेटायला गेली. एल्फ्रीडे अठ्ठ्याऐंशीची, कानानं कमी, पण आग लागलेला दिवस तिला स्वच्छ आठवत होता.

"एवाल्द होता की," ती म्हणाली. "तिथंच पोत्यांवर झोपलेला होता. दारू झाली होती. आम्हीच त्याला पाय धरून ओढून बाहेर काढला, नाहीतर जळाला असता."

"मग त्यानं आर्नोल्डला पाहिलं?"

"झोपलेला माणूस काय बघणार, बाई? दुसऱ्या दिवशी शेतीचा चेअरमन कागद घेऊन आला. लिहिलेला तयार होता. ह्यानं सही केली. केली नसती तर दारू पिऊन ह्यानंच आग लावली म्हणाले असते." मग तिनं केकचा तुकडा तोडत विचारलं, "तू कुणाची म्हणालीस?"

उर्वेनं सांगितलं. एल्फ्रीडे थोडी ओशाळली. "गाईंचं मात्र त्याला फार कळायचं," ती म्हणाली.

मार्चमध्ये केर्तूचं पत्र आलं. समितीनं नकार दिला होता, खासगी फाईलींसाठी विद्यापीठाची यंत्रं वापरता येत नाहीत. तिला वाईट वाटलं होतं, आणि संगणक दरवर्षी वेगवान होतात, फाईल जपून ठेवा, असंही तिनं लिहिलं होतं. हेल्दुरनं पत्र वाचून घडी घातली. "माझ्याच्यानं तेवढं थांबणं होणार नाही," तो म्हणाला.

पिह्लाकांच्या पानावर काय लिहायचं यावर ते दोन गुरुवार घालवून बसले. आर्नोल्डच्या घरी जे बोललं जायचं ते, लाल मिशांच्या माणसानं सांगितलं ते, आणि एल्फ्रीडेनं सांगितलं ते, अशा तीन हकिगती झाल्या होत्या. लाल मिशावाला खरा असेल तर एल्फ्रीडेनं पाय धरून ओढला तो कोण? हेल्दुरला एल्फ्रीडेचं पटत नव्हतं, उर्वेला कुणाचंच पुरतं पटत नव्हतं आणि पुरतं टाकवतही नव्हतं. अखेर तिनं तिन्ही हकिगती एकाखाली एक टाइप केल्या. कोण म्हणालं, कधी म्हणालं, आणि नाव आठवत नाही तिथं नाव आठवत नाही, असं.

वही मे महिन्यात पुरी झाली, एकशे साठ पानांची. या वेळी हेल्दुरनं कुलूप नको म्हटलं. दोन प्रती छापल्या, एक त्याच्याकडे, एक वाचनालयात. मागेल त्याला उर्वे मागच्या खोलीत बसवून वाचू द्यायची.

ऑगस्टमध्ये आर्नोल्डची मुलगी माइरे पॅर्नूहून आली. साठीची, उंच, चेहरा हुबेहूब कांग्रोंचा. काकांनी पाठवलंय म्हणाली. तिनं पिह्लाकांचं पान उभ्यानंच वाचलं, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं.

"तुम्ही त्या एवाल्दच्याच का?"

"हो," उर्वे म्हणाली. "त्याचीच मुलगी."

"हे तुम्ही स्वतः टाइप केलंत?"

"हो."

माइरेनं पान बोटानं सपाट केलं. "आमच्याकडे आई एकच हकिगत सांगायची. ती ऐकायला सोपी होती." मग तिनं त्या पानाची झेरॉक्स मागितली. उर्वेनं ती काढून दिली आणि कॉफीचं भांडं शेगडीवर चढवलं, कारण पॅर्नूची बस यायला अजून तासभर अवकाश होता.